कुंडीतले मामा

तांबओहळमध्ये वधूपक्षाकडे एकवीस माणसं भरत नसतील, तर कमी पडणारी माणसं फुलांनी भरून काढता येतात. फुलं घरची हवीत, मुलीने स्वतः लावलेली हवीत आणि मुहूर्ताला उमललेली हवीत. कळी मोजत नाहीत. बाजारातून आणलेली फुलं भाडोत्री समजतात आणि त्यांना दारातूनच परत पाठवतात.

हेमांगी टिळेकरला हे माहीत होतं, कारण गावात ते सगळ्यांनाच माहीत असतं. कुणाची आत्या परदेशात असली, कुणाच्या काकांचं ऐनवेळी पोट बिघडलं, की वधूपक्षाच्या खुर्च्यांमध्ये एखादी कुंडी ठेवलेली तिने लहानपणापासून पाहिली होती. लोक कुंडीला नमस्कार करून पुढे जात. पण एकवीसच्या एकवीस खुर्च्यांवर कुंड्या तिने कधी पाहिल्या नव्हत्या.

आषाढ सरत आला तेव्हा ती नगरपरिषदेत गेली. 'वधूपक्ष गणती'ची खिडकी जन्म-मृत्यू नोंदणीच्या शेजारी आहे. आत दहिभाते नावाचे पन्नाशी उलटलेले कारकून बसले होते. त्यांनी कुठल्याशा कागदावर शिक्का आपटला आणि हेमांगी इतकी दचकली, की तिच्या हातातली पिशवी खाली पडली.

"शिक्का आहे ताई, घाबरू नका," दहिभाते म्हणाले. "बोला."

"लग्न आहे. कार्तिकात. तुळशीचं लग्न झालं की आठवड्याने, गोरज मुहूर्त."

"अभिनंदन. वधूपक्षाकडे किती?"

"एक."

"एक कुटुंब?"

"नाही. एकच. मी."

दहिभात्यांनी चष्मा वर केला. "वधूला वधूपक्षात धरत नाहीत. तुम्हीच मोजणीत बसलात, तर बोहल्यावर कोण चढणार? म्हणजे शून्य." आणि त्यांनी रकान्यात शून्य काढलं. मोठं, गोल, कुठेही न तुटणारं.

हेमांगी त्या शून्याकडे बघत राहिली. तिचे बाबा ती चौथीत असताना गेले आणि आई तीन वर्षांपूर्वी. दोघंही आपापल्या घरी एकुलते एक होते. तिघांच्या संसारात ते कधी जाणवलं नाही. आई गेल्यावर एका रविवारी दुपारी, आमटीला फोडणी घालता घालता, ते एकदम जाणवलं. त्यानंतर ती तालुका वाचनालयात नोकरीला लागली. तिथे लोक हळू बोलतात, एवढ्यासाठीच.

"शेजारी कुंदाकाकू आहेत," ती म्हणाली. "लहानपणापासून बघताहेत मला."

"शेजारी धरत नाहीत. ते असतातच. जे असतातच त्यांना मोजून काय करायचं?"

"मुलाकडचे एकशे नव्वद आहेत. त्यांच्यातले थोडे…"

"उसने चालत नाहीत. पूर्वी चालायचे. मग एका लग्नात एकच आत्या दोन्ही बाजूंनी रुसली. कुणी समजूत काढायची, यावर मारामारी झाली." दहिभात्यांनी एक छापील अर्ज पुढे सरकवला. "हा भरा. फूल, नाव, नातं. नात्याचा रकाना रिकामा सोडता येत नाही. शाईने लिहा. एकदा लिहिलेलं खोडता येत नाही. काका-मावश्यांना झेंडू घाला. दणकट असतो, कुठेही बसतो, कुणाशीही जमवून घेतो. मामांना मात्र शेवंती. पांढरी."

"मला मामा नव्हता."

"नव्हता तर नव्हता. आता लावा. बोहल्यावर मुलीच्या पाठीशी मामा उभा लागतो. वीस आले आणि मामा आले नाहीत, तर मला परत शून्यच लिहावं लागेल."

"आणि शून्य लिहिलं तर?"

"तर लग्न पुढच्या कार्तिकात. फुलं पुन्हा लावायची म्हणजे वर्ष जाणारच."

वर्ष जाणं परवडणारं नव्हतं. सुहासच्या आईने साखरपुड्याच्या दिवशीच स्पष्ट सांगितलं होतं. "हे बघ, धाकट्याचं ठरलंय आणि ते थोरल्यावर अडलंय. या कार्तिकात होतंय तर होतंय. नाहीतर आपण सगळ्यांनीच समजुतीने घ्यायचं." समजुतीने म्हणजे काय, ते कुणी विचारलं नाही. विचारणारं हेमांगीकडून तिथे कुणी नव्हतं.

दहिभाते खिडकी लावून घेता घेता म्हणाले, "पाहणीला भाद्रपदात येईन, पौर्णिमेच्या आत. पितृपक्षात आमचं काम बंद असतं. त्या दिवसांत मोजायला बसलं, की भलतीच माणसं मोजली जातात."

*

शेवंतीची काडी तिने आषाढातच लावली. झेंडूचं बी श्रावणात टाकलं, म्हणजे बरोबर कार्तिकात फुलं येतात. रोपं चार पानांची झाली तशी तिने ती एकेका कुंडीत घातली आणि रोज संध्याकाळी अर्ज मांडीवर घेऊन नाती लिहायला बसू लागली.

हे काम वाटलं होतं त्याहून अवघड निघालं. वीस नाती सुचतच नव्हती. काका झाले, काकू झाल्या, मावश्या झाल्या, आत्या झाली, आत्याचे यजमान झाले. मग तिला वाचनालयातल्या कादंबऱ्या काढून बघाव्या लागल्या, लोकांना अजून कोण कोण असतं ते. कोपऱ्यातल्या एका रोपाच्या नावापुढे तिने आजोबा लिहिलं, आणि ते रोप त्याच आठवड्यात वाकलं. तिने त्याला काठी दिली. एक मावशी आणि एक काकू शेजारी ठेवल्या, तर दोघींची वाढ खुंटली. लांब ठेवल्यावर दोघी तरारल्या. शेंडे खुडायची वेळ आली, तेव्हा ती प्रत्येकाची क्षमा मागून मगच खुडायची. खुडलं की झाड पसरतं, फुलं जास्त धरतं, हे तिने पुस्तकात वाचलं होतं. पण काकांचा शेंडा खुडायचा म्हणजे जिवावर यायचं.

मामांची कुंडी तिने मागच्या दाराशी, ओट्यावर ठेवली होती, अगदी दिव्याखाली. घरचा सर्वांत मानाचा माणूस, त्याला परसात लांब एकटं कसं ठेवायचं?

तो ओट्यावरचा दिवा आई गेल्यापासून रोज संध्याकाळी लागायचा आणि उजाडेपर्यंत जळायचा. हेमांगीला अंधाराची भीती वाटायची असं नाही. तिला अंधारात अचानक कुणी नसण्याची भीती वाटायची.

सुहास रविवारी यायचा. दूध संघात फॅट तपासायच्या टेबलावर असायचा तो. वाचनालयात चुलत-आजीचं पुस्तक परत करायला आला होता आणि मग दुसऱ्या चुलत-आजीचं, मग एका आत्याचं. हेमांगीला वाटलं होतं हा पुस्तकवेडा आहे. तो नुसताच नातेवाइकांनी वेढलेला होता. गल्लीच्या तोंडाशीच तो स्कूटरचा हॉर्न वाजवायचा, आणि ती आत दचकायची.

"तू हॉर्न वाजवू नकोस ना."

"अगं, तू दचकू नयेस म्हणून तर लांबून वाजवतो!" तो कुंड्यांमधून वाट काढत यायचा. "नमस्कार, नमस्कार. हे कोण?"

"आत्याचे यजमान."

"किडके दिसतात."

"हळू बोल. मावा पडलाय त्यांच्यावर. कडुनिंबाचं पाणी मारलंय."

सुहास ओट्यावर बसायचा आणि पाय पसरायचा. "किती शांत आहे गं तुझ्याकडे. आमच्याकडे पाय पसरला तर कुणाच्या तरी ताटात जातो. पाच मामा आहेत मला. पाच! एक पुरला असता." मग मामांच्या कुंडीकडे बघून म्हणायचा, "तुझं बरंय."

तो गेला, की त्याची बशी, त्याचा कप आणि त्याने पसरलेल्या पायांची जागा, एवढं तिथे उरायचं. ती बशी ती लगेच विसळत नसे.

*

भाद्रपदातल्या दशमीला दहिभाते पाहणीला आले. दार वाजलं तशी हेमांगी दचकली. त्यांनी खिशातून टेप काढला, वही काढली आणि परसात शिरताना चपला काढल्या. "नमस्कार काका. बसा, बसा. नमस्कार आत्याबाई." एकेकाची उंची मोजत, पानं उलटी करून बघत ते पुढे सरकले. आजोबांपाशी जरा जास्त थांबले. "यांना उन्हात बसवा सकाळचं."

मामांपाशी येऊन मात्र त्यांनी टेप खिशात घातला. शेवंती चांगली कमरेइतकी वाढली होती. हिरवीगार, गच्च पानांची. दहिभात्यांनी शेंडा वाकवून पाहिला. मग वर पाहिलं.

"हा दिवा कधी लावता?"

"तिन्हीसांजेला."

"आणि मालवता?"

"सकाळी."

"रात्रभर?"

"हो."

"अरेरे." त्यांनी वही मिटली. "ताई, रात्र मोठी झाली हे शेवंतीला कळावं लागतं. तेव्हा ती कळी धरते. तुमच्या मामांना वाटतंय अजून ज्येष्ठच चाललाय. दिवस मावळलाच नाही अजून, निघायची घाई कशाला, असं म्हणून बसलेत बिचारे. हे असे माघातसुद्धा निघायचे नाहीत."

"मग मी कुंडी पुढच्या अंगणात ठेवते."

"पाहणी झाल्यावर मामांना हलवता येत नाही. मुक्कामाचा पत्ता लिहिलाय मी." त्यांनी वहीतली ओळ दाखवली: 'मागचा ओटा, दिव्याखाली.' शाईने.

"म्हणजे दिवा…"

"मालवायचा. आजपासून लग्नापर्यंत. स्वयंपाकघराची ती खिडकीही इकडेच उघडते ना? मग तिथलाही. एक दिवस जरी लावलात, तरी मामा पुन्हा पहिल्यापासून विचार करतील."

त्या दिवशी सूर्य मावळल्यावर हेमांगी दिव्याच्या बटणाशी उभी राहिली. तीन वर्षांत तिने हे बटण संध्याकाळी नुसतं खाली केलं होतं. आता ते केलं नाही. अंधार हळूहळू परसातून आला, आधी काका गेले, मग मावश्या, मग आजोबांची काठी, आणि शेवटी ओट्यावरचे मामा.

ती दाराच्या आत पाटावर बसली. भात चाचपडत वाढून घेतला. टाकीत थेंब पडला, दचकली. पाल चुकचुकली, दचकली. पलीकडे कुंदाकाकूंनी कढई आपटली, दचकली. मग तिला वाटलं, आपण इथे असे बसलोय आणि दाराबाहेर पाहुणा तसाच बसलाय, हे बरं दिसत नाही.

"मामा," ती म्हणाली, "जेवलात का?"

मामांनी उत्तर दिलं नाही. स्वभावाने कमी बोलणारे असावेत.

दुसऱ्या दिवशी तिने त्यांना वाचनालयातल्या गमती सांगितल्या. तिसऱ्या दिवशी आईबद्दल सांगितलं. ते सांगावंसं वाटलं, कारण नात्याने ती त्यांची बहीण होती. आठवडाभराने ती इतकं बोलू लागली, की दिवसा वाचनालयात तिचा घसा बसायचा. मामा सगळं ऐकून घ्यायचे. पितृपक्ष आला आणि गेला. नवरात्र गेलं. कळीचा पत्ता नव्हता.

*

दिवाळीत सगळी गल्ली उजळली. फक्त टिळेकरांच्या मागच्या अंगाला पणती नव्हती, माळ नव्हती, काही नव्हतं. पण कुंदाकाकूंचा आकाशकंदील होता. दर वर्षी त्या तो बांबूला बांधून उंच चढवत, आणि त्याचा तांबडा-पिवळा उजेड भिंतीवरून सरळ मामांच्या अंगावर पडत असे.

वसुबारसेच्या संध्याकाळी हेमांगी भिंतीशी गेली. कुंदाकाकू सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि सगळ्या जगाशी इंजेक्शन द्यायच्या आधीच्या आवाजात बोलत.

"काकू, एक विनंती होती. कंदील…"

"काय कंदील? छान आहे ना? स्वतः केलाय."

"छान आहे. पण तो… मालवता येईल का? मामांना उजेड चालत नाही."

"मालवू? दिवाळी आहे का सुतक?" काकूंनी भिंतीवर दोन्ही कोपरं टेकली. "हे बघ, तुझ्या मामांना म्हणावं, मीही मुलीकडचीच आहे. तुला गोवर निघाला तेव्हा तीन रात्री मी बसले होते, मामा नव्हते बसले. आधी मला मोजायला सांग त्या दहिभात्याला, मग कंदिलाचं बघू."

"ते म्हणाले, शेजारी धरत नाहीत. शेजारी असतातच."

"असतातच?"

"हो. असतातच म्हणाले."

काकूंनी भिंतीवरची कोपरं काढली. मग आत गेल्या, कंदील उतरवला आणि त्याच्यावर आपली जुनी काळी शाल टाकली. पाच मिनिटांनी चिवड्याची ताटली घेऊन त्या हेमांगीच्या ओट्यावर, अंधारात, येऊन बसल्या.

"काकू, कंटाळाल."

"मला रात्रपाळीची सवय आहे. खा." लांब कुठे फटाक्यांची माळ लागली. हेमांगी दचकली तसा काकूंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "अजून तशीच आहेस. तुझी आई खोलीत येताना खोकायची, आठवतं? भिंतीपलीकडे मला ऐकू यायचं. मी म्हणायचे, बाई, औषध घे. तर म्हणायची, औषध कसलं, पोरगी दचकते म्हणून आधी खोकते."

"आठवतं," हेमांगी म्हणाली.

"हलकंसं. एकदाच."

"हो. एकदाच."

मग दोघींनी चिवडा संपवला.

भाऊबीजेला सकाळी मामांच्या शेंड्याला वाटाण्याएवढी कळी होती. हेमांगीने ती बोट न लावता बराच वेळ पाहिली. आई असती तर आज तिने भावाला ओवाळलं असतं. आईच्या वतीने हेमांगीने ताट केलं: कुंकू, अक्षता, सुपारी, पेढा. निरांजन मात्र ठेवलं नाही. नुसत्या ताटाने, दिव्याशिवाय, तिने मामांना ओवाळलं, आणि पेढा काकूंना दिला.

*

लग्नाच्या दिवशी टेम्पो दुपारी तीनला आला. वीस झेंडू, सगळे फुललेले, पिवळे आणि केशरी, आणि एक शेवंती. शेवंतीची कळी टपोरी झाली होती, टोकाला पांढरी रेघ दिसत होती, पण उमलली नव्हती. कुंदाकाकू टेम्पोत मागे बसल्या, मामांची कुंडी मांडीत धरून. "सावकाश घे रे, माणसं आहेत," त्या ड्रायव्हरला सांगत होत्या.

मंगल कार्यालयात डावीकडे सुहासकडचे, म्हणजे खळदकरांकडचे, एकशे नव्वद होते आणि उजवीकडे एकवीस खुर्च्या. खळदकर मंडळी रीतीला चुकणारी नव्हती. सुहासच्या थोरल्या काकांनी खुर्चीखुर्चीपाशी जाऊन मानाचे टॉवेल-टोपी दिले. टॉवेल कुंडीवर, टोपी फुलावर. आजोबांना टोपी मोठी झाली. सुहासच्या आत्या मावशीच्या कुंडीशेजारी बसून बराच वेळ बोलल्या आणि उठताना म्हणाल्या, "फार गरीब स्वभाव आहे हो."

सहाला दहा मिनिटं कमी असताना दहिभाते वही घेऊन बोहल्यापाशी आले. हेमांगी हिरव्या शालूत, मुंडावळ्या बांधून उभी होती. तिच्या पाठीशी चौरंगावर मामा होते.

दहिभाते वाकले. वरून प्रकाश नुसता कोसळत होता. झुंबरं होती, माळा होत्या, आणि व्हिडिओवाल्याने चारी कोपऱ्यांत मोठे दिवे लावले होते.

"अर्धे उघडलेत," दहिभाते हळू आवाजात म्हणाले. "नियमाप्रमाणे 'वाटेत' लिहावं लागतं."

"पोचतील का?"

"वाटेत म्हणजे आले नाहीत. मुहूर्त सहा वाजून चार मिनिटांनी आहे." त्यांनी डोळ्यांवर हात धरला. "या उजेडात ते काय येतायत! त्यांना अजून दुपारच वाटत असेल."

हेमांगीने समोर पाहिलं. एकशे नव्वद माणसं हातात अक्षता घेऊन उभी होती. सासूबाई कपाळाला आठ्या घालून घड्याळ पाहत होत्या. एवढ्या लोकांसमोर ती आयुष्यात कधी मोठ्याने बोलली नव्हती. वाचनालयात तर बोलायची बंदीच होती.

"दिवे मालवा," ती म्हणाली.

कुणाला ऐकू गेलं नाही.

"दिवे मालवा!" आपल्याच आवाजाला ती दचकली.

"काय?" सासूबाई पुढे आल्या. "लग्नात दिवे मालवायचे? असलं कुठे ऐकलं नव्हतं हो."

"मामा यायचेत माझे," हेमांगी म्हणाली. "त्यांना उजेडात वाट सापडत नाही."

सासूबाईंनी तोंड उघडलं. पण तेवढ्यात अंतरपाटापलीकडून सुहासचा आवाज आला. "बंद कर रे सगळे. झुंबरंसुद्धा. कॅमेरा पण. ए, बंद कर म्हटलं ना!"

एकेक कोपरा गेला. माळा गेल्या. शेवटी झुंबरं गेली, आणि बाहेर सूर्य मावळला होता, खिडक्यांना जाड पडदे होते, त्यामुळे कार्यालयात काहीच राहिलं नाही. कुणीतरी मोबाइल काढला.

"मोबाइल खिशात घाला," दहिभात्यांचा आवाज आला. "वधूपक्षाची गणती चालू आहे."

एकशे नव्वद माणसं इतकी गप्प उभी राहिली, की कुणाच्या तरी मुठीतल्या अक्षता एकमेकींवर घासल्याचं ऐकू आलं. दहिभाते हाताने मोजत होते. "एक." टॉवेल सरकल्याचा आवाज. "दोन. तीन." कुठेतरी लहान मूल काही विचारायला गेलं आणि त्याला गप्प केलं. "नऊ. दहा." आजोबांची टोपी खाली पडली, दहिभात्यांनी ती उचलून पुन्हा ठेवली. "एकोणीस. वीस."

मग ते बोहल्यावर आले. हेमांगीला त्यांचे पाय पाटाला लागल्याचं कळलं. ते तिच्या पाठीशी थांबले. ती तशीच उभी राहिली. तिला हा अंधार ओळखीचा होता. सत्तर संध्याकाळी ती याच्यात बसली होती.

"मामा," दहिभाते म्हणाले, आणि थांबले. बराच वेळ गेला. गुरुजींनी घसा साफ करायचा म्हणून तोंड उघडलं असेल, पण तेही थांबले. "आले. पूर्ण आले. एकवीस."

कुणीतरी श्वास सोडला. तो बहुधा सुहास होता.

तेव्हा हेमांगीच्या मागे, डाव्या खांद्याशी, कुणीतरी खोकलं. हलकंसं. एकदाच.

हेमांगी दचकली नाही.

दहिभात्यांचा हात हवेत थांबलेला असावा, कारण त्यांच्या बाहीचा आवाज मध्येच तुटला. मग पेनाचं टोपण उघडलं, आणि वहीवर निब फिरली.

"बावीस," ते म्हणाले. "गुरुजी, करा सुरू."

मुहूर्त टळू नये म्हणून गुरुजींनी मंगलाष्टकं अंधारातच म्हटली. त्यांची पाठ होती. अक्षता कुठूनही आल्या, कुठेही पडल्या.

*

दिवे लागले तेव्हा उजवीकडे वीस खुर्च्यांवर वीस कुंड्या होत्या, एकविसावी रिकामी होती, कारण मामा बोहल्यावर होते. शेवंतीचं फूल उघड्या तळव्याएवढं, पांढरं, पूर्ण. तिथे आणखी कुणी नव्हतं. कुंदाकाकू दारापाशी उभ्या होत्या, म्हणजे होत्याच.

जेवणं झाल्यावर दहिभात्यांनी हेमांगीला टेबलाशी बोलावलं.

"आकडा शाईने गेलाय," ते म्हणाले. "एक जास्त असला तर हरकत नसते, नियम कमी पडण्याबद्दल आहे. फक्त बाविसाव्याचं नातं लिहा. रकाना रिकामा सोडता येत नाही."

हेमांगीने पेन घेतलं आणि लिहिलं. दोन अक्षरं होती, तरी तिला वेळ लागला.

दहिभात्यांनी ते वाचलं. भिंतीवरच्या दिनदर्शिकेची दोन पानं मागे उलटून पाहिली, बोटांवर दिवस मोजले. "पितृपक्ष संपून पन्नास दिवस झाले," ते म्हणाले. "म्हणजे भलतंच कुणी नाही. ठीक आहे." त्यांनी शिक्का उचलला, तिच्याकडे एकदा पाहिलं, आणि तो आपटला नाही, नुसता टेकवला.

पाठवणीच्या वेळी वीस झेंडू कुंदाकाकूंबरोबर टेम्पोने परतले. मामा पाठराखणीला मुलीबरोबर गेले.

खळदकरांच्या घरात प्रत्येक खोलीत माणसं होती आणि प्रत्येक खोलीत दिवा होता. जिन्यात, मोरीत, मागच्या दाराशीसुद्धा. हेमांगीने कुंडी मागच्या पायरीवर ठेवली आणि ती सासूबाईंकडे गेली. त्या उरलेले लाडू डब्यात भरत होत्या.

"मागचा दिवा मालवला तर चालेल का? मामांना सवय नाही."

"किती दिवस आहेत ते?"

"फूल आहे तोवर. पंधरा-वीस दिवस."

"मालव," सासूबाई म्हणाल्या. "आणि ते निघाले, की मला आधी सांग. त्यांच्याबरोबर शिदोरी द्यायला हवी."

हेमांगीने बटण वर केलं. आतून पाच मामांचं एकदम हसणं ऐकू आलं, कुणीतरी सुहासला हाक मारली, भांडं पडलं. पायरीवर अंधार होता आणि त्यात एक पांढरं फूल. ती दारात उभी राहून ऐकत राहिली. बराच वेळ. कुणी खोकलं नाही.

मग ती पायरीवर, कुंडीशेजारी बसली.

"मामा," ती म्हणाली, "जेवलात का?"